ताकीच्या तंबूपुढचा रस्ता

मात्सुए, २८ ऑक्टोबर

मिसाओवहिनी,

पत्राची सुरुवात ऋतूने करावी असं आई शिकवायची. म्हणून सांगते, सरोवरावर बदकं उतरलीत, सकाळी बोटं गारठतात, आणि थंडीने दात ठणकणाऱ्यांची आमच्या दवाखान्यात रांग लागलीय. झाला ऋतू. आता कामाचं.

तुमचा खोका पोचला. गोड पुरणाचे मान्जू, वर पांढरा कागद, आणि त्यावर तुमच्या सुबक अक्षरात ‘आपणा सर्वांना त्रास दिल्याबद्दल क्षमा असावी.’ वहिनी, कसला त्रास? दोनशे किलोमीटरची सायकल फेरी, गुडघा दुखला, ताकी गावातल्या आमच्या तंबूत थांबलात, सायकल मंडळाच्या गाडीने परत आलात. गाडी असते कशाला? मान्जू मात्र झकास होते. बैठकीत खोका उघडला आणि पाठ फिरवून वळते तो रिकामा.

गुडघा कसा आहे? दादाला फोनवर विचारलं तर म्हणाला, “ठीक आहे.” माझ्या भावाला घराला आग लागली का विचारलं तरी तो ‘ठीक आहे’च म्हणेल, तेव्हा तुम्हीच लिहा.

त्याच बैठकीत माझ्या गळ्यात एक काम पडलंय. आमच्या फेरीला पुरुष शे-दीडशे येतात आणि बायका हाताच्या बोटांवर मोजाव्यात. त्यातही एकदा आलेली बाई सहसा पुन्हा येत नाही. अध्यक्ष म्हणाले, “चिगुसा, तू बाई आहेस, तूच बघ काहीतरी.” दात मला पण आहेत, म्हणून काय सगळ्यांचे दात मला कळतात? पण कामच ते आहे माझं, म्हणून गप्प बसले.

तर योजना अशी. मे महिन्यात बायकांसाठी वेगळी छोटी फेरी. अंतर निम्मं, ताकीपर्यंत जायचं आणि परत. वाटेत गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ, शेवटी गोडधोड, सगळ्यांना गुलाबी बंड्या. चढ टाळलेत, गुडघ्यांना झेपेल असं सगळं केलंय. खरं सांगू, आखताना डोळ्यांसमोर तुम्हीच होतात. पहिलं नाव तुमचं लिहू ना?

तुमची नणंद,
चिगुसा

⁂

ओदा, ९ नोव्हेंबर

चिगुसा,

तुझा ऋतू वाचून तुझा दादा मोठ्याने हसला. आमच्याकडचा असा, पर्सिमनची फळं सोलून ओसरीवर दोरीला टांगलीत, आणि सासूबाई दिवसातून चारदा ती बोटाने दाबून बघतात. त्यांना म्हटलं, अशानं ती वाळायच्या आधी झिजतील.

पत्रच लिहिते म्हणून रागावू नकोस. फोन वाजतो तेव्हा माझे हात शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्यात असतात. शिवाय फोनवर उत्तर लगेच द्यावं लागतं. पत्राला दोन दिवस मिळतात.

गुडघा आता बरा आहे. चढावर थोडी कुरकुर करतो, एवढंच.

छोट्या फेरीची कल्पना छान आहे. पुष्कळ जणींना सोयीची पडेल. मी मात्र या खेपेला नको. सासूबाईंना अलीकडे कमी दिसतं, मे महिन्यात शाळेत नवीन पोरांची गडबड असते, आणि बावन्न वर्षांच्या बाईने गुलाबी बंडी घालून कुठे मिरवायचं? नणंदेने वहिनीची अशी वरात काढायची, हा तुमच्या घराण्याचा रिवाज आहे का? सायकल पुसून, तेल घालून मागच्या खोलीत गोणपाटाखाली ठेवलीय. तुझ्या ओळखीत कोणाला हवी असेल तर कळव. चांगली सायकल आहे.

ताकीच्या तंबूतल्या नोगीकाकांना त्या दिवशी थंडी बाधली नाही ना? पाऊस भुरभुरत होता आणि त्यांच्या डोक्यावर टोपीसुद्धा नव्हती. एवढं मात्र नक्की कळव.

मिसाओ

⁂

मात्सुए, १४ जानेवारी

मिसाओवहिनी,

नवं वर्ष सुखाचं जावो. उत्तराला उशीर झाला, कारण मधे मी तोंडावर आपटले.

छोट्या फेरीची जाहिरात डिसेंबरात लावली. सायकलच्या दुकानांत, ग्रंथालयात, बायकांच्या व्यायामशाळेत. गुलाबी कागद, फुलंबिलं. आजपर्यंत नावं आली दोन. त्यातली एक मी. दुसरी एक आजी आहेत, त्यांना फक्त कुंडाच्या अंघोळीला यायचंय, सायकल येत नाही.

बैठकीत पुरुषमंडळींनी उपाय सुचवले. एक म्हणाला, अंतर अजून कमी करा. दुसरा म्हणाला, गोड वाढवा. मी कपाटातून चहा काढायला उठले आणि कपाटात मला खोके दिसले. मान्जूंचा तुमचा, कोणाचा बिस्किटांचा, कोणाचा वड्यांचा. आम्ही रिकामे खोके टाकत नाही, पंक्चरचं सामान ठेवायला बरे पडतात. प्रत्येकावर तोच पांढरा कागद, त्रास दिल्याबद्दल क्षमा असावी. मी ते सगळे टेबलावर मांडले. गेल्या तीन-चार वर्षांतले, आणि झाडून सगळे बायकांचे. वहिनी, अर्ध्यात फेरी सोडणारे पुरुष याच्या कितीतरी पट आहेत. एक जण तर खड्ड्यात पडला, दोन माणसांनी वर ओढला, दवाखान्यात नेला. त्याने साधं बिस्कीट पाठवलं नाही, उलट पुढच्या फेरीला आला आणि तोच किस्सा सगळ्यांना रंगवून सांगत बसला.

आता तुमच्या गुडघ्याबद्दल. नवीन वर्षाच्या दिवशी दादाचा फोन होता. सहज बोलता बोलता म्हणाला, “तुझी वहिनी देवळाच्या सगळ्या पायऱ्या आईचा हात धरून चढली, आणि वर गेल्यावर आईची पिशवी खाली राहिली म्हणून पुन्हा पळत खाली जाऊन घेऊन आली.” मी विचारलं, गुडघा? तो म्हणाला, “कोणता गुडघा?”

लोकांना तोंड उघडायला लावणं हा माझा रोजचा धंदा आहे. तेव्हा वहिनी, आ करा. त्या दिवशी ताकीला काय झालं?

नोगीकाका ठणठणीत आहेत. पण डिसेंबरात त्यांनी कळवलं की यापुढे ते तंबूवर बसणार नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, वय झालं.

चिगुसा

⁂

ओदा, २ फेब्रुवारी

चिगुसा,

उद्या शाळेत पोरं भाजलेले दाणे फेकून भुतं पळवणार, म्हणून आज दिवसभर आम्ही सोयाबीन भाजलं. माझ्या केसांना अजून वास येतोय. पत्राला दोन दिवस मिळतात म्हणाले होते, या खेपेला दोन आठवडे घेतले.

गुडघा दुखला नव्हता. त्याला त्या दिवशीही काही झालं नव्हतं आणि आजही काही नाही.

परतीच्या वाटेवर मी सगळ्यात मागे होते. ते मला माहीत होतं, कारण मागे वळून बघितलं की नुसता समुद्र दिसायचा. ताकीच्या वळणावर आले तर तंबूत नोगीकाका एकटे. बाकीचे निघून गेलेले. शेगडी आवरून ठेवलेली, खुर्च्या मिटलेल्या, फक्त एक टेबल आणि त्यावर फेरीच्या कार्डावर मारायचा शिक्का. दिवस कलला होता. सत्तरीचा माणूस पावसात रस्त्याच्या कडेला उभा राहून, पाय आपटत, मी कुठून येतेय ते बघत होता. मला बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणाले, “आलात, आलात. तुमच्यानंतर कोणी नाही.”

चिगुसा, फेरीची मुदत संपायला अजून चार तास होते. पाय चांगले चालत होते. त्या सपाट रस्त्यावर मी गाणं म्हणत गेले असते तरी मात्सुएला वेळेत पोचले असते. पण मला दिसलं ते असं. मी पुढे गेले तर हे काका माझ्यामागून गाडी घेऊन हळूहळू येणार. तिकडे सरोवराकाठी तुम्ही सगळे सार पुन्हा पुन्हा गरम करत घड्याळाकडे बघणार. कोणाची पोरं घरी जेवायची थांबलेली असणार. एवढी माणसं, आणि कशासाठी, तर शाळेत भात शिजवणाऱ्या एका बाईला सायकल चालवायची हौस आली म्हणून. माझ्या तोंडून आपोआप निघालं, “गुडघा दुखतोय. इथेच थांबते.”

काका एक शब्द बोलले नाहीत. सायकल स्वतः उचलून गाडीत ठेवली, माझ्या पायांवर घोंगडी टाकली. मी सुटकेचा श्वास सोडला, खोटं कशाला बोलू. मग गाडीच्या काचेतून तो रस्ता दिसायला लागला. भातशेतं, मग सरोवर, मग शहराचे दिवे. तो सगळा माझ्या पायांनी झाला असता. मात्सुए येईपर्यंत मी काचेकडे तोंड करून रडले. दुसऱ्या दिवशी शाळेत कांदे होते, म्हणून कोणी काही विचारलं नाही.

तुझ्या छोट्या फेरीला नाव दिलं नाही ते यासाठी. अंतर निम्मं केलंस तर मी निम्म्या अंतराची शेवटची होईन. वाट बघणारी माणसं तेवढीच राहतील. मला लांबची फेरीच आवडते. सकाळी अंधारात निघायचं, दुपारी आपण कुठल्या कुठे असायचं, आणि तिथवर आपल्याला कोणी आणून सोडलेलं नसतं. घरात मला सगळे कुठे ना कुठे नेऊन सोडतात, तुझा दादा तर चांगला माणूस आहे, बाजारातसुद्धा गाडीने सोडतो.

हे नोगीकाकांना सांगू नकोस. त्यांना उगाच वाईट वाटेल.

मिसाओ

⁂

मात्सुए, २१ मार्च

मिसाओवहिनी,

मी नोगीकाकांना सांगितलं. आधी पूर्ण वाचा, मग पत्र फाडा.

तुमचं पत्र आल्यावर मी त्या खोकेवाल्या बायकांना भेटायला गेले. एक यासुगीची, एक योनागोची, एक इथलीच मात्सुएची. तिघींनी आधी तब्येतीची कारणं सांगितली. पाठ, पोट, चाक. मी दातांच्या खुर्चीशेजारी बसते तशी नुसती बसून राहिले. दोघी हळूहळू बोलल्या. त्याच तंबूत, तेच सगळं. काका एकटे उभे होते, सामान आवरलं होतं, त्यांना घरी जायचं असेल असं वाटलं. तिसरीने शेवटपर्यंत पाठच दुखवली, पण मला सोडायला गल्लीच्या टोकापर्यंत आली आणि म्हणाली, “त्या काकांना माझा नमस्कार सांगा.” मग मात्र मला गप्प बसवेना.

काका ऐकून घेत होते. मधेच चहाचा पेला खाली ठेवला. म्हणाले, “मी सामान का आवरत होतो, माहीत आहे?”

मी म्हटलं, घरी जायला.

“घरी कोण आहे माझ्या?” काका म्हणाले. “शेवटच्या माणसाला वाटू नये की एवढा सगळा पसारा आपल्यासाठी मांडून ठेवलाय. शेगडी पेटलेली दिसली की ती बिचारी संकोचाने बसणार, सार पिणार, वेळ घालवणार. म्हणून मी सगळं आवरायचो. म्हणजे तिला मोकळं वाटेल. शिक्का मारला की निघाली, असं. आणि बसून राहिलो तर म्हातारा पेंगतोय असं दिसेल, म्हणून उभा राहायचो.”

वहिनी, मला हसावं का रडावं कळेना. तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून ते आवरत होते, आणि त्यांना त्रास होऊ नये म्हणून तुम्ही सोडून देत होतात. दोघांनी मिळून एकमेकांची इतकी काळजी घेतली की फेरीच बुडाली.

आणि तंबूवर न बसण्याचं कारणही वय नव्हतं. काका म्हणाले, “दर वर्षी माझ्याच तंबूत कोणीतरी बाई फेरी सोडते. मला वाटायला लागलं, माझं तोंडच अपशकुनी आहे.” तुम्हाला गाडीतून आणताना त्यांना वाटत होतं की टाळ्या वाजवून आपणच तुम्हाला घाई केली आणि त्यात गुडघा गेला. बोलले नाहीत ते त्यामुळे.

छोटी फेरी मी बंद केली. गुलाबी कागद उलटे करून दवाखान्यात हिशोबाला घेतले. मंडळात आता नवा नियम आहे. प्रत्येक तंबू आपल्या वेळेपर्यंत उघडा, मागे कोणी असो वा नसो. सामान मांडलेलं राहील, शेगडी पेटलेली राहील. ‘तुमच्यानंतर कोणी नाही’ हे कोणी कोणाला सांगायचं नाही. आणि रस्त्याकडे बघत उभं राहायचं नाही. यावर एक जण म्हणाला, “मग आम्ही तिथे बसून करायचं काय?” नोगीकाका म्हणाले, “मी ‘गो’ खेळाचा पट आणीन. स्वतःशीच खेळेन. बऱ्याच दिवसांत हरलो नाही.” म्हणजे ते परत बसणार आहेत.

नव्या जाहिरातीत एकच ओळ मोठी आहे. ‘शेवटचं माणूस येईपर्यंत आम्ही इथेच आहोत, कारण आम्हाला इथेच असायचंय.’ अंतर दोनशे, मे महिन्याचा शेवटचा रविवार. यासुगीच्या बाईने नाव दिलंय. तुमचं मी लिहिलेलं नाही. ते तुम्हीच सांगायचं.

चिगुसा

⁂

ओदा, ६ एप्रिल

चिगुसा,

सांगू नकोस म्हटलं होतं. मी पत्र फाडलं नाही, पण दोन दिवस तुझं नाव घरात काढू दिलं नाही. तुझा दादा तर तुझ्याशी फोनवर बोलायलासुद्धा न्हाणीघरात गेला.

तिसऱ्या दिवशी दारात नोगीकाका उभे. आगगाडीने आले होते, हातात अंजिराच्या मुरंब्याची बाटली. बसले, तुझ्या दादाबरोबर साके घेतली, भाताच्या रोपांबद्दल तासभर बोलले. त्या गोष्टीचा एक शब्द नाही. मी आपली वाढतेय. जायला निघाले, बूट घातले, आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून कमरेत वाकले. “अदाचीबाई, मला माफ करा.”

मी वाकले. “नाही, नाही, मीच खोटं बोलले.”

ते अजून वाकले. “माझीच समजूत चुकली.”

मी अजून खाली. आम्ही दोघं तिथे किती वेळ वाकून होतो कोण जाणे. आतून सासूबाईंचा आवाज आला, “कोणीतरी एकाने सरळ उभं राहा. दार उघडं आहे, वारा येतोय.”

काका हसले, मी हसले, आणि माझा तुझ्यावरचा राग तिथेच संपला.

एक गोष्ट सांगते. तीस वर्षं मी शाळेत जेवण बनवते. प्रत्येक वर्गात एक तरी पोर सावकाश जेवणारं असतं. सगळ्यांची ताटं धुऊन होतात, मोठी पातेली पालथी पडतात, आणि एक वाटी यायची बाकी असते. आम्ही थांबतो. कधी मी स्वतः वर्गापर्यंत जाऊन दारातून बघते, तर ते पोर एकेक दाणा चावत खिडकीबाहेर बघत असतं. चिगुसा, इतक्या वर्षांत मला एकदाही त्या पोराचा राग आला नाही. त्याने अर्धं टाकून उठावं असं कधी वाटलं नाही. उलट वाटी चाटूनपुसून परत आली की मला बरं वाटतं. हे मला या बाजूने इतकं पक्कं माहीत होतं, आणि त्या बाजूने कधी सुचलंच नाही.

स्वयंपाकघरातल्या हात्सुएला हे सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही जाणार असाल तर मी पण येते. माझा नवरा म्हणतो मी बसस्टॉपपर्यंतसुद्धा जाणार नाही, त्याला जरा दाखवायचंय.” तिच्याकडे बाजारहाटाची सायकल आहे, पुढे टोपली. मी म्हटलं, आधी टोपली काढ.

दोन नावं लिही. अदाची मिसाओ. सोयामा हात्सुए.

मिसाओ

⁂

मात्सुए, १५ एप्रिल

वहिनी,

लिहिली. हात्सुएबाईंसाठी दुकानातून एक बरी सायकल महिनाभर मागून घेतलीय, दादा येऊन घेऊन जाईल. दोघींनी दर रविवारी सराव करा. रस्त्यात काही झालं तर मंडळाच्या फोनवर मला सांगा, त्या दिवशी तो फोन माझ्याच खिशात असेल. गाडी हवी असली तर गाडी येईल. नको असली तर येणार नाही. मी विचारीन, ठरवायचं तुम्ही.

चिगुसा

⁂

ओदा, २ जून

चिगुसा,

शेतांत पाणी भरलंय. बेडूक ओरडतात आणि सासूबाई त्यांना उलट ओरडतात. माझ्या मांड्या अजून दुखताहेत, जिना उतरताना मी आडवी उतरते.

शेवटचं तू पाहिलंसच. मधलं तुला ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

जाताना हात्सुएचं तोंड एकदाही बंद झालं नाही. नवरा, नणंद, शेजारीण, सगळ्यांचा उद्धार झाला. मला वारा तोंडावर होता, तरी तिच्या गोष्टींनी वेळ गेला. ओदाच्या चौकात तुझा दादा सासूबाईंना खुर्ची टाकून बसला होता. सासूबाई ओरडल्या, “येताना थांबू नकोस. चहा ठेवणार नाही.” आणि खरंच ठेवला नव्हता. येताना मी घराच्या वळणावरून गेले, माझंच छप्पर दिसत होतं, आणि पाय थांबले नाहीत. मला आतून फार हसू येत होतं.

ताकीला नोगीकाका पटावर वाकलेले. शेगडी पेटलेली, खुर्च्या मांडलेल्या. मान वर न करता म्हणाले, “बसायचं तर बसा, जायचं तर जा. मी आपला इथेच आहे.” पाठ केलेलं कळत होतं, कान लाल झाले होते. हात्सुएने विचारलं, “आमच्या मागे कोणी आहे का हो?” काका म्हणाले, “मी मोजत नाही.” मी बसले. भाताचे दोन मुटके खाल्ले, चहा घेतला, पाय लांब केले. माफ करा हे शब्द दोनदा ओठांवर आले, दोन्हीदा चहाबरोबर गिळले. उठताना काका म्हणाले, “मी हरतोय.” चेहरा मात्र खूश होता. मग मी तो रस्ता धरला, जो गेल्या खेपेला काचेतून बघितला होता.

हिराता गावाच्या पुढे सरोवराकाठी माझं मागचं चाक बसलं. काच घुसली होती. टायरमधली नळी बदलली, थोडं अंतर गेले, पुन्हा बसलं. टायरच फाटलं होतं, ते अंधारात मला दिसलं नव्हतं. हात्सुए म्हणाली, “मी थांबते.” मी म्हटलं, तू पुढे हो. तिने माझ्याकडे रोखून बघितलं आणि विचारलं, “हे खरं, की तुमची ती जुनी खोड?” मी म्हटलं, खरं. तुझ्या नवऱ्याला दाखवायचंय ना, जा. ती गेली आणि वेळेत पोचली. आता शाळेत रोज एकदा तरी सांगते.

मी एकटी राहिले. एका डब्याची आगगाडी दिवे लावून शेजारून मात्सुएकडे गेली, आत माणसं पेंगत होती. दुसरी नळी नव्हती. फाटक्या जागी आतून गोळीचा कागद घालून ठिगळ लावलं, ते वाळायची वाट बघत बसले. मुदतीत पोचणार नाही हे तेव्हाच कळलं. मग फोन काढला.

तू विचारलंस, “गाडी पाठवू का?”

चिगुसा, ‘हो, माफ करा’ हे माझ्या जिभेवर तयार होतं. त्याला विचार करावा लागत नाही, ते आपोआप येतं. तू पुढे काहीच बोलली नाहीस. मागे पातेल्यावर डाव आपटल्याचा आवाज येत होता, कोणीतरी हसत होतं. तुम्ही सगळे दमला होतात, दुसऱ्या दिवशी सोमवार होता, हे सगळं मला माहीत होतं.

मी म्हटलं, “नको. थांबा. मी येतेय.”

तू म्हणालीस, “बरं,” आणि फोन ठेवलास. एवढंच. तू जर तेव्हा शाब्बासबिब्बास म्हणाली असतीस, तर मी तिथेच ढासळले असते.

ठिगळ टिकलं. हळू गेले, पण कोणी नेलं नाही, मी गेले. डाव्या हाताला घरं, उजव्या हाताला पाणी, आणि पुढे शहराचे दिवे. मी पोचले तेव्हा मुदत संपून गेली होती. तू वेळ लिहिलीस आणि पुढे ‘मुदतीनंतर’ असं लिहिलंस, ते बरोबर केलंस. खोटं लिहिलं असतंस तर मला आवडलं नसतं. शरदातल्या फेरीला आमची दोघींची नावं आत्ताच लिहून ठेव, शाळेतल्या अजून एकीचंही. ती म्हणते, हात्सुएला जमतं तर मला का नाही.

तिसऱ्या शिंपल्यांचं सार गरम होतं. नोगीकाका ताकीहून येऊन बसले होते, यासुगीच्या बाई होत्या, हात्सुए बुटाशिवाय उभी होती. मला घरी न्यायला आलेला तुझा दादा म्हणतो मी सगळ्यांकडे बघून नुसती उभीच राहिले, वाकलेसुद्धा नाही. असेल. बावन्न वर्षांत मी कोणालाही माझ्यासाठी थांबा म्हटलं नव्हतं. तुम्ही थांबलात, आणि मला फार आनंद झाला.

मिसाओ